विश्रामबागेतली सिक परेड

तीर्थरूप साळूअक्कास धाकट्या लालासाहेबाचा दंडवत. तुझे गुडघे काय म्हणतात? तांबडी म्हैस लाथा मारायची थांबली का? इकडं सगळे खुशाल (हे लिहायचंच असतं, तू पुढं वाच). फोनवर तू नुसतं 'हॅलो, हॅलो' ओरडतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हा कागद.

आमच्या सूनबाई अंकितानं घराच्या पुढच्या खोल्यांत बालवाडी चालवली आहे, तुला ठाऊकच आहे. थंडी पडली आणि पोरांची नाकं अशी वाहायला लागली की काही विचारू नकोस. एकानं शिंकायचं, आठवड्यात सगळ्यांनी पडायचं. अंकिता म्हणाली, "आबा, सकाळी तेवढं दारात उभं राहा. तापाचं पोर आत सोडू नका." आता सुभेदार म्हणून रिटायर झालेल्या माणसाला असलं काम सांगायचं असतं का? मी दुसऱ्याच दिवशी सिक परेड लावली.

फौजेत सकाळी आजारी जवानांची वेगळी रांग लावतात, तीच ही. ठणठणीत असेल तो उजवीकडं, आजारी असेल तो डावीकडं. पण घोळ माझाच झाला. फौजेत आजाऱ्याला कडू गोळी मिळायची. मी पडलो आजोबा, मी डाव्या रांगेसाठी सुंठ-गुळाच्या वड्या ठेवल्या. मग काय, आख्खी पलटण डावीकडं! एकाचं नख दुखत होतं. संयोगिता नावाची चिमुरडी म्हणाली, "मला ताप आलाय. उद्यापण येणार हाय."

उजवीकडं एकटाच उभा, आर्जव. छाती काढून म्हणाला, "मी ठणठणीत!" कपाळ बघितलं, गार. मी सगळ्यांसमोर त्याला शाब्बासकी दिली आणि आत सोडला. खाऊच्या सुट्टीच्या आधी ते पोर येऊन माझ्या मांडीवर आडवं झालं, अंग नुसतं तव्यासारखं. म्हणालं, "आईनं सकाळी गोड औषध दिलं. आजोबांना ठणठणीत सांग म्हणाली."

माझं डोकं असं फिरलं, अक्का! त्याच्या आईला, दीपालीला, फोन लावला आणि तोवर मनात भाषण जुळवलं. ती कुपवाडहून गाडीवर आली, कारखान्याचा एप्रन तसाच अंगावर. माझं तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "काका, बोला काय बोलायचं ते. पण मागच्याच महिन्यात हा आजारी होता, तवाच सगळ्या रजा संपल्या. आता घेतली तर येऊच नको म्हणालेत. घरात दुसरं कोण न्हाई. काय करू मी?" आणि पोराला उराशी धरून रडायला लागली. भाषण कुठं गेलं कुणास ठाऊक. मला लय वाईट वाटलं गं.

डॉक्टरांना दाखवलं. साधाच ताप आहे, पण चार दिवस इतर पोरांत सोडू नका म्हणाले. मग मीच अंकिताला म्हणालो, माझी खोली मागं आहे, तिचं दारही वेगळं. दीपाली कामावर असेल तोवर आर्जव माझ्याकडं. तसा तो दोन दिवस माझ्याजवळ आहे. मऊ भात खातो. (जैन आहेत, त्यांच्यात आलं चालत नाही, मधही नाही; सुंठ चालते, एवढं बरं.) त्याचं पाणी दीपाली उकळून, गाळून देते. आता घरच्यांना नमस्कार सांग.

तुझा,
लाला

ता.क. – माझी काळजी करू नकोस. मला काहीही झालेलं नाही.

आणखी एक ता.क. – घसा धरलाय. अंग मोडून आलंय. अंकिता हल्ली रोज सकाळी पोरांचा ताप मोजायचं ते कपाळाचं मशीन मलाही लावते, म्हणून चहाच्या आधीच तापाची गोळी घेतली. मशीन फसलं! तिला कळलं तर मला आर्जवजवळ बसू द्यायची नाही, मग दीपालीनं काय करायचं? म्हणून तू ये; पाकीट टपालानं नाही, आजच एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवतो. वाईहून सातारा, तिथून सांगलीची एसटी. कुणाला बोलू नकोस.

शेवटचा ता.क. – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आर्जवनं अंकिताला सांगितलं, "आजोबांनी गुपचूप गोळी खाल्ली." ती मशीन घेऊन आली. मी छाती काढून म्हणालो, "ठणठणीत!" तिनं माझाच वड्यांचा डबा उघडून माझ्यापुढं धरला आणि पलंगाकडं बोट केलं. आता खोलीत दोघं आजारी आहेत आणि दीपालीला उद्या सकाळी कामावर जायचंय. अक्का, मिळेल ती गाडी धर.