नदीकाठचा मुलावा

१२ ऑगस्ट २०१४, मंगळवार. सकाळी सहा चाळीस.

कविन्याने माझं झाड तोडलं! माझ्या जमिनीतलं, नदीकाठच्या जाळीतलं मुलाव्याचं रोप — दोन पावसाळे ज्याचे फुटवे मी स्वतः नखाने खुडले. मनगटाएवढं, गाठ नाही, काट्यांतून उजेडाकडे सरळ चढलेलं. खांद्यावर टाकून निघाली होती. वर मलाच म्हणते, "उठलात का विहीणबाई? चहा झाला?"

चहा!

त्याच लाकडाचं, नातवाचं, क्यालोचं पहिलं धनुष्य आमच्याकडून जायचं. बापाची आई मी आहे. ती आईची आई.

१३ ऑगस्ट

माझे वडील धनुष्यं करत. "वाकवून बघ. कुरकुरलं तर सोड. उलटून तोंडावर आलं तर घे." कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला बरंच विसरायला लावलं, हे नाही. कविन्याला कोणी शिकवलं?

क्यालोला तिची मका-घेवड्याची मुथोकोई आवडते. माझी म्हणे शाळेसारखी लागते.

१४ ऑगस्ट

गेले तिच्याकडे. क्यालो तिच्या मांडीवर! रोप सावलीत आडवं ठेवलेलं, साल तशीच, दोन्ही टोकांना शेण — तडकू नये म्हणून. सगळं बरोबर. राग त्याचाच जास्त आला.

"का तोडलंस?"

"मला नका विचारू, विहीणबाई."

"मग कोणाला विचारू? शेळीला?"

तिने पदर तोंडावर धरला. मला वाटलं, हसते आहे. "माझा भाऊ तासेल," एवढंच म्हणाली. "पण क्यालोच्या हातात तुम्हीच द्या."

उपकार करते माझ्यावर!

रात्री चिठ्ठी लिहिली. लेखी जाब द्यावा. तिला लिहिता येत नाही — लिहून घेईल कोणाकडून तरी.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

चिठ्ठी द्यायला नदीकाठाने निघाले. काठच नाही. वाळूची लॉरी उभी. जाळी उपटलेली, एकही मुलावा शिल्लक नाही, माझ्या रोपाचा बुंधासुद्धा नाही.

ड्रायव्हर म्हणाला, "मुसेंबीने सोमवारीच वाट दिली, आजी. आईला सांगितलंय म्हणाला."

मुसेंबी. माझा मुलगा, तिचा जावई. आणि आमच्यात सासूने जावयाचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्याच्याबद्दल बोलायचं नाही. म्हणून तो पदर.

चिठ्ठी फाडली. दुसरी लिहिली:

मुसेंबी, माझा काठ कोणाला विचारून दिलास? उत्तर लेखी हवं. उद्या शनिवारी, दुपारी बाराच्या आत.