पायाला मीठ झोंबेना

३ नोव्हेंबर १९५७
आजपासून वाफे तुडवायला घेतले. पुढे मी, मागे सगळी रांग. तळ घट्ट व्हायचा तर पायच लागतात. कालवाच्या शिंपीने अंगठ्याखाली कापलं होतं, म्हणून आमच्या मिठागरातल्या रिवाजाने आधी पाय खाऱ्या पाण्यात घातला. झोंबलं तर जखम ओली, घरी बसायचं. नाही झोंबलं तर सुकली. मला जरासुद्धा झोंबलं नाही! जोडीदार धर्मा बघतच राहिला. मी म्हटलं, मुकादमाचा पाय आहे बाबा!

९ नोव्हेंबर
सकाळी कृष्णाबाई भांडायलाच उठली. सारवलेल्या जमिनीवर माझ्या पावलांचे लाल ठसे.
"येवढं रगत जातंय, तुमाला कळत न्हाय?"
खरंच कळलं नव्हतं. पाय उलटा करून पाहिला. जखम उघडी, वास येतोय, अंगठा काळसर. बायको रागावली की मला गंमत वाटते. आज ती घाबरली होती.

११ नोव्हेंबर
उरणला डॉक्टरांकडे. लघवी निळ्या औषधात उकळली — विटेसारखी लाल! मधुमेह. म्हणाले, साखरेमुळे पायाची जाणीव गेली, म्हणून मीठ झोंबलं नाही. रोज इंजेक्शन, पाय टेकायचा नाही, खारं पाणी बंद. जखम चिघळत गेली तर पाय कापावा लागेल. तिथे मी हसलो. घरी येऊन हसू येईना. जन्मभर ज्या पायावर विश्वास ठेवला त्यानेच फसवलं.

१२ नोव्हेंबर
भीती वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

२० नोव्हेंबर
कृष्णाबाईने डॉक्टरांना विचारलंच — बांधावरचा दगडीपाला लावू का? इकडे कापलं की सगळे तोच चोळतात. वाटलं, आता हाकलतील. तर ते म्हणाले, इंजेक्शन चुकणार नसेल तर लावा. पण पाला उकळत्या पाण्यातून काढून, स्वच्छ वाटून. आणि काळेपणा वाढला तर त्याच दिवशी या.
मसाल्याचा पाटा नको म्हणून हिने नवा पाटा आणला. मला हातसुद्धा लावू देत नाही! देवापेक्षा सोवळं त्या पाट्याचं.

८ डिसेंबर
वास गेला! काळेपणा गेला. कडेने ताजं लाल मांस दिसतंय. पाय वाचला, डॉक्टर म्हणाले. कशाने, ते त्यांनाही सांगता येईना — इंजेक्शन, पाला, का नुसतं बसून राहणं. कृष्णाबाई म्हणते पाल्याने. मी म्हणतो तिच्या धाकाने.
पण तळव्याला जाणीव आली नाही तर मिठागरात उतरायचं नाही, हेही सांगितलं. ती बहुतेक येत नाही म्हणे. मग मी करू काय? खाटेवरून मीठ पिकवू?

१९ डिसेंबर
धर्मा खाऱ्या पाण्याची बादली घेऊन आला. "घाल पाय, बघू तरी." मलाही मोह झाला. कृष्णाबाईने बादली दारातच ओतली आणि धर्माला चहा दिला.

२ जानेवारी १९५८
जखम हरभऱ्याएवढी उरली. मिठागरात पहिलं मीठ निघालं. धर्माने मूठभर आणून दिलं. चाखलं. डोळे भरून आले, खारटपणामुळे नव्हे.

११ जानेवारी
पाला लावताना पाय आपोआप मागे गेला. तोंडातून शिवी गेली. कृष्णाबाई दचकली, "काय झालं?"
झोंबलं! मी म्हटलं, लाव, पुन्हा लाव.