ढिगानं सापडणारे शंख

प्रिय तनू,

सप्रेम जयभीम.

शाळेच्या पत्त्यावर माझं अक्षर पाहून दचकली असशील. घरी सगळं ठीक आहे. आईची शुगर ताब्यात आहे, माझा गुडघा आहे तसाच आहे. फोनवर सांगता आलं असतं तर फोनच केला असता. गेले कित्येक दिवस हे पत्र लिहायला बसतोय आणि उठतोय. आत्ताही एक ओळ लिहितो, गच्चीवर जाऊन येतो, नळ नीट बंद आहे का बघतो, परत बसतो. तुझी आई म्हणते, "पायाला भिंगरी लागली का ओ तुमच्या? लिहायचं तर लिहा, न्हाईतर बाजारातून मेथी तरी आणा."

तर बातमी अशी की मी दगड विकले. माळ्यावरचे, जिन्याखालचे, आतल्या खोलीतले, सगळे.

तुला खरं वाटणार नाही. मलाही अजून वाटत नाही. पाटबंधारे खात्यात होतो तेव्हा जिथं कालव्याचं खोदकाम, तिथं दुपारची भाकरी खाऊन मी उपसलेल्या ढिगावर चढायचो. सोबतचे लोक झाडाखाली आडवे व्हायचे आणि मी त्या दोन काळ्या थरांमधला पांढरट दगड फोडत बसायचो. त्यात नखाएवढे शंख निघायचे, पार दगड झालेले. लाव्हा आला, थांबला, मध्ये तळी साचली, तळ्यांत गोगलगायी झाल्या आणि पुन्हा लाव्हा आला. हे मी तुला इतक्यांदा सांगितलं की तू पाढ्यासारखं म्हणून दाखवायचीस. निलंग्याकडं बदली झाली तेव्हा मांजरेच्या काठचे शिंपले आले, हजारो वर्षांपूर्वीच्या बैलांचे दात आले. मग दगड झालेलं लाकूड आलं. तुझी आई पोतं उचलताना म्हणायची, दुसऱ्याचे नवरे दौऱ्यावरून खवा आणतात.

विद्यापीठातल्या एका सरांना आपण दाखवायला गेलो होतो, आठवतं? तू सातवीत असशील. ते बिचारे चांगलं बोलले, चहा दिला, पण म्हणाले, "हे अगदी सर्वसाधारण जीवाश्म आहेत, ढिगानं सापडतात." येताना मी मान खाली घालून सायकल मारत होतो. तर सायकलच्या कॅरिअरवरून तू म्हणालीस, "बाबा, माणसं पण ढिगानंच सापडतात की." मी इतका हसलो की सायकल थांबवावी लागली.

गिऱ्हाईक शोधायला लई पळापळ झाली. पहिला आला तो पूजेचं सामान विकणारा. त्याला सगळे शंख हवे होते. म्हणाला, "काका, लाल मखमलीच्या डबीत घालून देवाचे म्हणून देतो, बघा कसे जातात." मी म्हटलं, ती गोगलगाय आहे. तो म्हणाला, घेणाऱ्याला कुठं माहीत आहे? मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. आई आतून म्हणाली, "द्यायचं की ओ, खोली तर मोकळी झाली असती." पण हसत होती. दुसऱ्याला फक्त मोठं लाकूड पाहिजे होतं, हॉटेलच्या बागेत ठेवायला.

मग लातूरचा उमाशंकर भेटला. शाळांना विज्ञानाच्या पेट्या पुरवतो. तुझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठा असेल. आला, चप्पल काढली, पोत्यासमोर मांडी घालून बसला आणि एकेक शंख हातावर घेऊन बघायला लागला. मी आधीच सांगून टाकलं की बाबा, यात दुर्मिळ काही नाही. तर म्हणाला, "काका, दुर्मिळ घेऊन मी काय करू? तसला शंख एकाच कपाटात बसतो. मला एकासारखे एक पाहिजेत. प्रत्येक पेटीत एक शंख, एक शिंपला, एक लाकडाचा तुकडा. पोरांच्या हातात गेला पाहिजे." तनू, मी उठून पाणी आणायला गेलो आणि पाणी न घेताच परत आलो.

आवरायला वेळ लागला. मी एक वेगळा काढून ठेवला की तुझी आई तो परत पोत्यात टाकायची. पण बैलांचे दात बांधायची वेळ आली तेव्हा तिनंच आपली मऊ झालेली लुगडी काढली, फाडली आणि एकेक दात गुंडाळला. आयुष्यभर शिव्या दिल्या तिनं या दगडांना. टेंपो हलला तेव्हा पदर डोळ्याला लावून घरात निघून गेली. मी कोपऱ्यापर्यंत टेंपोमागं चालत गेलो. तिथं कुणाच्या तरी बांधकामाची खडी पडली होती. सवयीनं एक दगड उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि ठेवून दिला. तेव्हापासून हाताला काही कामच नाही. दिवसातून चारदा जातो त्या खोलीत.

आता तुला वाटेल, इतका जीव होता तर विकले कशाला. पैशाची अडचण नाही. पेन्शन पुरून उरते.

उन्हाळ्यात मी आमच्या खात्यातल्या रामकिशनच्या मुलाच्या लग्नाला लातूरला आलो होतो आणि न कळवता तुझ्याकडं डोकावलो. तू चहा टाकलास. जावई खोलीतून बाहेर आले, माझ्याकडं पाहून मान हलवली आणि गाडीची किल्ली घेऊन गेले. तुझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. तूही पाहिलं नाहीस. मी कप ठेवायला स्वयंपाकघरात आलो, तर तिथं गॅसच्या सिलिंडरशेजारी तुझी गादी गुंडाळून ठेवलेली होती. वर उशी, उशीवर तपासायच्या वह्या, मोबाईलचं चार्जर. एखाद्या रात्रीची सोय अशी नसते. तू माझ्या हातातून कप घेतलास आणि विसळत राहिलीस, कप स्वच्छ झाल्यावरही.

फाटकापर्यंत सोडायला आलीस. मी म्हटलं, सुट्टी आहे तर चार दिवस ये की घरी. तू हसून म्हणालीस, "कुठं येऊ बाबा? तुमच्या घरात दगडांनाच जागा पुरत नाही." मीही हसलो. रिक्षा वळली तेव्हा मागं पाहिलं, तू फाटक धरून उभीच होतीस.

बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत मी तेच वाक्य घोळवत होतो. आईला लगेच सांगितलं नाही. फोनवर तू "मजेत" म्हणायचीस, मागं कुणीतरी बसलेलं असायचं, आणि आई मला म्हणायची, पोरगी बोलून राहिली पण आवाज तिचा न्हाई. शेवटी एका सकाळी सांगितलं, गादीसकट. मला वाटलं रडेल, जावयाला बोलेल, मला बोलेल. ती चुलीपुढून उठावं तशी गॅस बंद करून उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिथलं एक पोतं एकटीनं ओढत दारापर्यंत घेऊन आली. दम लागला होता तिला. म्हणाली, "हे आधी काढा."

आतल्या खोलीला चुना झालाय. खिडकीला जाळी बसवली, दाराला आतून कडी बसवली. तुझं टेबल माळ्यावरून खाली काढलं, एक पाय हलतो, बघतो काहीतरी. काय झालं ते आम्ही विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटलं तर ऐकू. कायमची ये, चार महिने ये, निवांत विचार करायला ये. नोकरीचं, बदलीचं मागाहून पाहता येईल. शेजारच्यांची काळजी करू नको, त्यांच्याशी बोलायला तुझी आई तयारच बसलीय, आणि तिच्या तोंडाला लागणारा आमच्या गल्लीत कुणी नाही. फोनवर हे काही बोलू नकोस. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी लातूरला येतोय, स्टँडवर नांदेडच्या फलाटापाशी बसेन. यायचं असेल तर पिशवी घेऊन ये. अजून ठरत नसेल तर नुसतीच ये, आपण चहा पिऊ, आणि मी पुढच्या रविवारी परत येईन.

तुझाच,
बाबा