गेवराईची पेटी आणि चकलांब्याची पेटी

मी, श्रीमती वनमाला मोहनराव मस्के, वय वर्षे सहासष्ट, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, राहणार गेवराई, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कुणी लिहायला लावलेले नाही. मला काही करायला लावणारा माणूस गेवराईत अजून जन्मायचा आहे. रक्तदाब आहे, गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते का रद्द केले, ते पुढे येईलच.

मला मूलबाळ नाही. पती मोहनराव वारले. धाकटे दीर तानाजी आणि माझी जाऊ साखराबाई चकलांब्याला असतात. त्यांची मुलगी करिश्मा पाचवीपासून बारावीपर्यंत माझ्या घरी वाढली, कारण दिवाळी सरली की तानाजी आणि साखराबाई टोळीबरोबर ऊस तोडायला जात आणि पोरीची शाळा बुडे. पोरीचे केस मी विंचरले, गणित मी घेतले, कांजिण्या आल्या तेव्हा उशाशी मी बसले. पण उन्हाळ्यात टोळी परत आल्याचे कळले की ही पिशवी भरून दारात उभी, आणि मागे वळून पाहायची नाही. तिची आई ती आई, आणि मी मोठी आई.

घर, जमीन, दागिने याविषयी पुढे लिहिले आहेच. पण मला खरी काळजी एकच आहे. माझ्या पश्चात ही पोर पुण्याच्या नोकरीवरून सुटीला आली, तर गेवराईला उतरेल की तशीच पुढे चकलांब्याला जाईल?

कलम १. गेवराईचे राहते घर माझ्या स्वकष्टार्जित पैशातून बांधलेले आहे. ते मी करिश्माला देते. आधीच्या मृत्युपत्रात मी अट घातली होती की तिने दरवर्षी दिवाळीची पहिली आंघोळ याच घरात करावी, न केल्यास घर एका संस्थेला जावे. ती अट मी काढून टाकत आहे. कलम ८ मधला राहण्याचा हक्क तेवढा सोडला, तर घर विनाअट तिचे आहे.

कलम २. चकलांब्याची मोहनरावांच्या वाट्याची जमीन तानाजी आजवर कसत आले, ती त्यांनाच द्यावी. त्यांच्याशी माझे काही वाकडे नाही. त्या माणसाने जन्मात कुणाशी वाकडे घेतलेले नाही, आणि सरळही फारसे कुणाशी बोललेले नाही.

कलम ३. पाटल्या आणि बोरमाळ करिश्माला द्याव्यात. बँकेतली ठेव माझ्या क्रियाकर्माला वापरून उरेल ती तिचीच. तेराव्याला लाडू करू नयेत. माझे लाडू ही पोर पुण्यात मैत्रिणींना वाटून टाकते आणि साखराबाईच्या ठेच्याच्या बरणीला कुणाला हात लावू देत नाही, हे मला तिच्या मैत्रिणीनेच सांगितले आहे.

येथे एक गोष्ट नोंदवते. करिश्माला नोकरी लागली तेव्हा पेढ्याचा पहिला पुडा चकलांब्याला फुटला. गेवराईला दुसऱ्या दिवशी आला. पेढा मी खाल्ला, विसरले मात्र नाही. मला साखराबाईचा हेवा वाटतो. वकीलसाहेब म्हणाले की मृत्युपत्रात हा शब्द बसत नाही. मी म्हणाले, माझ्या पोटात इतकी वर्षे बसला, कागदावर का बसू नये?

कलम ४. माझी हत्यारे, म्हणजे पकडी, मल्टिमीटर, केबलची टोके दाबायचे यंत्र आणि सोल्डरिंगचा संच, शेजारच्या गल्लीतल्या परमेश्वर वायरमनला द्यावीत. तो ती मागून नेतोच, आता परत करायची चिंता नको.

कलम ५. मागच्या खोलीत जी यंत्रे आहेत त्यांना भंगार समजून कुणी हात लावू नये. करिश्माला संगणकाच्या परीक्षेसाठी सराव हवा होता, म्हणून तिने कुठल्याशा कंपनीतून निघालेले दोन जुने संगणक स्वस्तात आणून तिथे मांडले. ते प्रत्येकी पोटात पाच-सहा संगणक चालवतात. बाहेरून एक खोके दिसते, आत भाडेकरू नांदतात. एक बंद पडला तर दुसऱ्यावर बिऱ्हाड हलवता येते. ती पुण्याला गेल्यावर हा कारखाना मी सांभाळला. एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, वायरला मी घाबरत नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, आज काय चालू आहे, काय बंद पडले, आणि आम्ही तासभर बोलायचो. असा तास साखराबाईला मिळत नव्हता. खोलीतली सर्व यंत्रे करिश्माला द्यावीत.

कलम ६. आता साठवणीच्या पेटीविषयी. बिऱ्हाड हलवायचे तर धान्य एका घरात अडकून चालत नाही. मधे सामाईक बळद लागते, दोघांनाही हात घालता येईल असे. नेटवर्कवर जोडलेली ही पेटी तेच काम करते. करिश्माची शाळेची वर्षेही मी तिच्यातच ठेवणार होते. टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या तिच्या कविता, कपिलधारच्या सहलीचे फोटो, गॅदरिंगचा नाच, दहावीच्या सत्काराचे भाषण. ही वर्षे माझ्याशिवाय कुणाकडे नाहीत, आणि कुणाकडे नव्हती याचा मला आनंदच होता.

पेटी कोणती घ्यावी यावर आमचा पंधरवडा गेला. परमेश्वरने एका बंद पडलेल्या ऑफिसातला मोठा सर्व्हर आणून दाखवला. तो चालू केला तेव्हा पिठाची गिरणी सुरू झाली असे वाटून कडूबाई शेजारून डबा घेऊन आली. शिवाय वीज इतकी खायचा की मीटरकडे बघवेना. तो परत पाठवला. करिश्माचे म्हणणे असे की दोन डिस्कची तयार पेटी घ्यावी. आवाज नाही, वीज कमी, आणि दोन्ही डिस्कवर सारखेच लिहिले जाते, एक गेली तरी दुसरी असते. तोवर मीही मान डोलावत होते. मग ती म्हणाली की अशीच एक छोटी पेटी चकलांब्याला आईकडे ठेवू, रोज रात्री इथली नक्कल तिथे जाईल.

चकलांबा ऐकल्याबरोबर माझे मत बदलले. तिथे धूळ आहे, लाईट टिकत नाही, साखराबाईला मोबाईल धड उचलता येत नाही, ती पेटीवर झेंडूची माळ घालून हवेची जाळी बंद करील, अशी सगळी कारणे मी दिली. खरे कारण दिले नाही. मी चार डिस्क घालून स्वतः पेटी जुळवायची ठरवली. दोन डिस्क एकदम गेल्या तरी माल सुखरूप, अशी मांडणी केली, आणि मग दुसऱ्या घराची गरजच काय, असे करिश्माला विचारले. तिने विषय बदलला. मी जिंकले असे मला वाटले.

पेटीला स्टॅबिलायझर लावला, अर्थिंग नवे केले, आणि सगळी वर्षे तिच्यात भरली; जुन्या टेपा आणि फोटो नंतर ओल लागून गेले. या वैशाखात वादळ आले, वीज जवळच कुठेतरी पडली, आणि ती विजेच्या वायरीने आलीच नाही. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची केबल खाली पेटीपर्यंत येते, त्या वाटेने आली. मी दोन डिस्कची तयारी ठेवली होती, चारही जळाल्या. मी फोनवर रडले. करिश्मा म्हणाली, "मोठी आई, रडू नको. सगळं चकलांब्याला आहे."

तिने माझ्या नकळत, स्वतःच्या पगारातून, ती छोटी पेटी आईकडे ठेवली होती. माझी सगळी साठवण रोज रात्री साखराबाईच्या घरी जाऊन निजत होती आणि मला पत्ता नव्हता. माल वाचल्याचा आनंद व्हायच्या आधी मला राग आला.

कलम ७. दुसऱ्या दिवशी मी ती पेटी उचलून आणण्यासाठी चकलांब्याला गेले. पेटी आतल्या खोलीत, गव्हाच्या कोठीवर, पाटावर ठेवलेली होती. माळ नव्हती. धूळ बसू नये म्हणून जुन्या लुगड्याचा तुकडा वर दोरीला टांगला होता, जाळी मोकळी सोडून. भर वैशाखात घरातला पंखा बंद होता, कारण लाईट गेली होती आणि इन्व्हर्टरवर फक्त पेटी होती. तानाजी बाहेर लिंबाखाली बाज टाकून झोपत होते.

मी म्हणाले, पेटी नेते. साखराबाईने आधी मला पाणी दिले. मग म्हणाली, "अक्का, ह्यात काय हाय मला ठावं न्हाई. पोरगी म्हणली लाईट जाऊ देऊ नको, म्हून जाऊ दिली न्हाई."

मी वायरीला हात घातला. तेव्हा तिने माझा हात धरला नाही, नुसती पेटीशेजारी बसली.

"पोरीची समदी शाळा तुमच्याकडं झाली, अक्का. मी उसाच्या फडात व्हते. माझ्याकडं ही पेटी तरी ऱ्हाऊ द्या. दिवा लुकलुकतोय तवर वाटतंय, पोर घरात हाय."

मला दया आली असे कुणी समजू नये. मला हेवाच वाटला, पहिल्यापेक्षा जास्त. पेटीत काय आहे हे मला पानापानाने ठाऊक होते आणि माझे सगळे जळाले होते. तिला काहीच ठाऊक नव्हते आणि तिने सगळे राखले होते. आणि तीही माझा हेवा करत होती, इतकी वर्षे, हे मला त्या दिवशी कळले. मी वायर सोडली. पेटी तिथेच राहिली. करिश्माने येऊन तिच्यावरून माझ्यासाठी नवी नक्कल काढली. पंख्यासाठी दुसरा इन्व्हर्टर मी घेऊन दिला, पण तो उपकार म्हणून येथे लिहीत नाही.

कलम ८. शेताचे दोन वाटे केले की दोघांनाही अर्धेच येते. या पेटीचे तसे नाही; गेवराईलाही पूर्ण पोर आहे आणि चकलांब्यालाही. फक्त चकलांब्याची पेटी कुलूपबंद आहे आणि ती उघडणारा परवलीचा शब्द करिश्माला व मलाच माहीत आहे. तरी माझ्या मृत्यूनंतर परमेश्वरने माझा मोठा टीव्ही चकलांब्याला नेऊन पेटीला जोडून द्यावा, आणि करिश्माने ती उघडून आपली शाळेची सर्व वर्षे साखराबाईला हवी तितकी, हवी तेव्हा पाहू द्यावीत. तसेच गेवराईच्या घरात मागच्या खोलीशेजारच्या खोलीत साखराबाईला तहहयात राहण्याचा हक्क राहील. तिथली लाईट जाऊ न देण्याचे काम मी तिच्यावर सोपवते. ते तिच्याइतके दुसऱ्या कुणाला जमणार नाही, असे माझे मत आहे. पोर आली तर दोघींपैकी एक तरी या घरात असावी.

कलम ९. साक्षीदारांविषयी. साखराबाई आज पहिल्या गाडीने आली ती साक्षीदार व्हायला. करिश्माने तिला सही शिकवली आहे आणि ती करून दाखवायची तिला फार हौस आहे. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला उभे राहू नये, असे वकीलसाहेब म्हणतात. म्हणून तिला बाहेर बाकावर बसवले आहे. कारण सांगितलेले नाही. अक्काने पुन्हा दाराबाहेर ठेवले, असे तिला वाटत असेल. वाटू दे.

येथवर लिहून मी पाणी प्यायला उठले आणि खिडकीतून पाहिले. ती डब्याची पिशवी मांडीवर धरून बसली आहे. डबा माझ्यासाठी आणलेला आहे. ठेच्याचा वास आतपर्यंत येतो. ती पडद्यावर पाचवीतली करिश्मा पाहील, कविता म्हणताना, दोन वेण्यांत, तेव्हा तिचा चेहरा कसा होईल? मी मेल्यावर तो मला दिसणार नाही. हे मला मान्य नाही.

सबब कलम ८ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी स्वतः खोडले आहेत व खोडल्या जागी सही केली आहे. परमेश्वरने येत्या रविवारीच चकलांब्याला टीव्ही जोडावा. मी शेजारी बसेन. कोणता फोटो कुठला, त्या दिवशी काय झाले, ते मी सांगेन, कारण ते फक्त मला ठाऊक आहे. माझ्या हयातीत रिमोट माझ्या हातात राहील. माझ्या पश्चात तो साखराबाईने घ्यावा.

वरील मजकूर मी वाचला, मला कळला, माझा आहे.

ठिकाण : गेवराई, जिल्हा बीड
दिनांक : ९ जुलै २०२५

लिहून देणार : वनमाला मोहनराव मस्के (सही)

आमच्या समक्ष बाईंनी सही केली व खोडाखोडीवरही केली. आम्हाला यात काहीही मिळत नाही.

साक्षीदार १ : कडूबाई नाथा घोडके, शेजारीण (सही)
साक्षीदार २ : मुंजाजी खरात, निवृत्त लाईनमन (सही)