तिसरी प्रत

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! इमारतीला खिडकी नावाला नाही, पण गारवा असा की स्वेटर घालून बसायचं. लोकांचे फोटो, सिनेमे, पत्रं इथे साठवायची आणि मागेल त्याला क्षणात पोहोचवायची. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, तीन वेगळ्या दालनांत. आमच्या साहेबांना सगळे मामा म्हणतात. ते म्हणाले की दोन प्रती जुळल्या की त्या खऱ्या, न जुळणारी तिसरी आपोआप पुसली जाते. आमच्या घरीही हेच चालतं. बायको आणि लेक एक झाल्या की माझं मत पुसलं जातं.

४ मार्च
नव्या माणसाने सरावाला स्वतःचीच माहिती चढवायची, ही इथली रीत. चेहरा, आवाज, बोटांचे ठसे, अगदी ही रोजनिशीसुद्धा दिली. ‘कुठे पोहोचवायचं’ या रकान्यात बाकीचे खोटा पत्ता घालतात म्हणे. मी हौसेने घरचा घातला. मामांनी तो रकाना दोनदा वाचला. मग म्हणाले, असू दे.

६ मार्च
संध्याकाळी दाराने ठसा घेतला नाही. पडद्यावर आलं, ‘आपण घरी पोहोचला आहात.’ मला हसूच आलं. दार एका वेळी एकालाच सोडतं, त्यामुळे मामा गेले आणि मी मागे राहिलो. उशीर होईल सांगायला घरी फोन केला. बायको परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली.
“हे तर इथे बसलेत, लेकीचा अभ्यास घेत. आपण कोण बोलताय?”

७ मार्च
पलीकडच्या दालनात काचेआड माझ्या स्वेटरमध्ये कुणीतरी बसलंय. चेहरा माझाच. मजेत शीळ घालतोय. मामा त्याच्याशी गप्पा मारतात, माझ्याकडे बघत नाहीत.
पुन्हा फोन लावला. लेकीने उचलला. बाबा घरीच आहेत म्हणाली, कालपासून ओरडलेसुद्धा नाहीत. मला रडू आवरेना.

८ मार्च
आज प्रती जुळवून बघायची तपासणी. मामांनी काचेवर टकटक करून एवढंच सांगितलं. डोळे ओले होते त्यांचे.
कळलं — ते दोघे, घरचा आणि काचेआडचा, अजून चार तारखेचेच आहेत. आनंदी. जुळतात. घाबरलोय तो फक्त मी —
दार नाही उघडत —

नंतर
त्यांच्यासारखं व्हायला हवं. हसायला हवं. मग कदाचित —
लागली एकदाची नोकरी! इमारतीला खिडकी नावाला नाही, पण गारवा असा की स्वेटर घालून — बाळा, मी इथे आहे, तो मी नाही, मी इ