चेंडू वर थांबतो तेव्हा

ता. ३ ऑगस्ट

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

वि. वि. पार्सल पोचलं. दोन जुने पडदे, तुझ्या बायकोची विटलेली साडी आणि बिस्किटांचा डबा, तोही अर्धा. तिकिटं कमी लावलीस, म्हणून पोस्टमनने बारा रुपये माझ्याकडून घेतले. असो, आठवण ठेवलीस हेच खूप. लेक तुझ्याकडे शिकायला येऊन वर्ष झालं. मामाच पदार्थविज्ञान शिकवणारा, म्हणून मी देवावर आणि तुझ्यावर भार टाकून निर्धास्त आहे. यंदा बारावीचं वर्ष. अभ्यास कसा चाललाय? आहे तसा लोभ ठेव.

तुझी ताई

ता. ११ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

खरं तेच लिहितो. पोरगी चाचणीत नापास झाली. वर फेकलेला चेंडू अगदी टोकाला पोचतो तेव्हा त्याचं त्वरण किती, एवढा साधा प्रश्न. बाईसाहेबांनी शून्य लिहिलं. अगं, तिथे वेग शून्य होतो, पण पृथ्वीची ओढ थोडीच सुटते? वेग बदलतच असतो, म्हणून तर चेंडू खाली येतो. आणि वेग किती झपाट्याने बदलतो, तेच त्वरण. माझ्या शिकवणीतल्या मठ्ठ मुलांनाही हे येतं. तिचं डोकं यात नाही, तुझ्यावर गेलीय. परीक्षेचा फॉर्म भरू नये असं वाटतं. राहू दे इथेच. आमचं बाळ तिला चिकटलंय, हिलाही मदत होते. राग मानू नकोस, माया कमी करू नकोस.

तुझा भाऊ

ता. १८ ऑगस्ट

चि. भाऊस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून शेजाऱ्यांच्या फोनवरून लेकीशी बोलले. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की तुझी शिकवणी बाहेरच्या खोलीत आणि ती स्वयंपाकघरात. मुलांना चहा देताना कानावर पडेल तेवढाच तिचा अभ्यास. चेंडू वर पोचला की वेग शून्य, इथवर तिने ऐकलं. मग बाळ रडलं आणि तुझ्या बायकोने हाक मारली. पुढचं ज्यांना शिकवलंस, त्यांना आलं.

माझ्यावर गेलीय म्हणतोस. तुझ्या कॉलेजापायी मी मॅट्रिकवर थांबले, ती देवाची इच्छा समजले. या खेपेला देवाला मध्ये घालणार नाही.

फॉर्म भरायचाच आहे. तिला बाहेरच्या खोलीत मुलांबरोबर बसवणार, की माझ्याकडे येणाऱ्या गाडीत? लोभ असावा असं आज लिहीत नाही. उत्तर मात्र उलटटपाली पाठव.