पुल्लिंगी समुद्र

अण्णा,

हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण मराठीत आर्टिकल नसतं. हॅनोव्हरहून तुम्हाला पाठवलेलं प्रत्येक पत्र तुमच्या हुकमानं इंग्रजीत असायचं, आणि महिन्या-दीड महिन्यानं ते लाल शाईनं रंगून, खाली मार्क घेऊन माझ्याकडेच परत यायचं. बाकीच्या मराठी पोरांना घरून चिवडा यायचा, मला माझी पत्रं यायची. शेजारच्या खोलीतला नागपूरकर विचारायचा, "काय रे, पास का?" आर्टिकल चुकलं की अर्धा मार्क कट, हा तुमचा शाळेतला कायदा समुद्र ओलांडूनही लागू होता. एकच पत्र परत आलं नाही. हे सगळं त्या पत्राबद्दल आहे.

काल स्टेशनावरच्या किऑस्कमध्ये एक इंग्रजी मासिक दिसलं. शेवटच्या पानांवर तुमचा लाडका मजकूर: विशेष घरं आणि समुद्राकाठच्या खोपी विकणे आहे. एक फिकट निळी खोपी, दोन पायऱ्या, पुढे समुद्र. घेऊन आलो. रात्रीच्या जेवणाला ते पान उघडून बसलो आणि पोरीला म्हणालो, जरा तो काटा दे. जर्मनमध्ये म्हणालो, म्हणजे अर्थातच चुकलो. "पापा, दी गाबेल!" आपल्याकडे तो काटा, इथे ती काटा. तुमची नात सात वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते, आणि माझी आर्टिकलं तुमच्याइतक्याच निर्दयपणे सुधारते. फक्त मार्क अजून देत नाही. देईल.

तुमचं ते वाचन मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. साहेब गेला आणि जाताना कॅम्पातल्या रद्दीत मासिकांचे गठ्ठे टाकून गेला. तुम्ही ते वजनावर आणायचे आणि मागून पुढे वाचायचे, म्हणजे जाहिरातींपासून सुरुवात करायचे, आणि जाहिराती संपल्या की मासिकही संपायचं. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापते आहे, तुम्ही उंबऱ्यावर बसला आहात, चष्मा नाकाच्या टोकावर. "ऐक. डिस्टिंक्टिव्ह रेसिडन्स. दोन रिसेप्शन रूम." आई म्हणते, "रिसेप्शन? लग्न कुणाचं?" तुम्ही पुढे जाता. "परिपक्व बाग. समुद्राची झलक." आई विचारते, "अहो, पण पाणी किती वाजता येतं?" तुम्ही तिला क्षमा करून पुढचं वाचता: "विथ सिटिंग टेनंट. म्हणजे आत बसलेला भाडेकरू, जो उठत नाही." आई भाकरी उलटते. "म्हणजे आपल्यासारखा." भाड्याच्या दोन खोल्यांत बसून तुम्ही मला इंग्लंडमधली निदान चाळीस घरं दाखवलीत. 'थोडं लक्ष द्यायला हवं' असं लिहिलं असेल तर छप्पर पडलेलं असतं, हे मी आठव्या वर्षी शिकलो. पुढे जर्मनीत भाड्याची खोली शोधताना ते फार उपयोगी पडलं.

मी इथे डॉक्टरेटला आलो तेव्हा तुम्ही नकाशा काढलात आणि पट्टी ठेवलीत. हॅनोव्हर ते इंग्लंडचा पूर्व किनारा, साडेतीन बोटं. "म्हणजे जवळच आहेस," म्हणालात. त्यानंतरच्या वर्षी तुमचं ते पत्र आलं. एका खोपीची जाहिरात वाचून तुम्ही थेट तिथल्या दलालाला लिहिलं होतंत, आणि त्याचं उत्तर आलं होतं! टंकलिखित, 'डिअर सर' पासून. तुमचा मुलगा सध्या युरोपात आहे, तो पाहणी करेल, असं तुम्ही कळवलं होतंत. दलालानं शनिवार, सकाळी अकराची वेळ दिली होती. त्या काळी परकीय चलनाच्या नियमांमुळे इंग्लंडात आपल्याला कोंबडीचं खुराडंही घेता आलं नसतं, पण हे मी लिहिल्यावर तुमचं उत्तर आलं: "घ्यायचं कोण म्हणतंय? बघायचं आहे." तुमच्या पेन्शनर मंडळात तोवर खोपीवर खडाजंगी झालेली होती. तुम्ही 'कुटी' म्हणत होतात, आणि तुमचे स्नेही, ते निवृत्त पोस्टमास्तर, कागदपत्रं पाहून म्हणाले होते, "आत झोपायला बंदी, स्वयंपाकाला स्टोव्ह, पुढे फळकूट. गुरुजी, ही टपरी आहे." तुम्ही त्यांच्याशी आठवडाभर बोलत नव्हतात.

पण त्याच पत्रात खाली, अक्षर जरा बारीक करून, तुम्ही लिहिलं होतंत की बीच, क्लिफ, ब्रीझ, हे शब्द मी पस्तीस वर्षं पोरांना शिकवले. मी समुद्र पाहिला एकदाच, शाळेच्या सहलीत हर्णैला, तोही त्याच्याकडे पाठ करून, पोरं मोजत. आपल्यापैकी कुणीतरी एकदा जाऊन बघून यावं, की हे शब्द तिथे खरंच आहेत का. आणि सोबत अकरा प्रश्नांची यादी. दार समुद्राकडे उघडतं की बाजूला? दाराखालून वारा शीळ घालतो का? लाटा रोअर करतात, मर्मर करतात की लॅप करतात?

मी जाणार होतो, अण्णा. प्रोफेसरांकडून रजा घेतली, तिकीट काढलं. शुक्रवारी दुपारी दोनची गाडी, मग बोट. आदल्या आठवड्यात घरमालकीणबाईंना सांगितलं की मला एक खोपी बघायला समुद्रावर जायचं आहे. इथेच घोळ झाला. जर्मनमध्ये 'झे' असा एक शब्द आहे. तो स्त्रीलिंगी धरला तर समुद्र, पुल्लिंगी धरला तर तळं. आता आपला समुद्र जन्मापासून 'तो'. मी त्याला जर्मनीत आणूनही 'तो'च ठेवला. बाईंनी ऐकलं: या भारतीय तरुणाला तळ्याकाठी खोपी बघायची आहे. त्यांचा चेहरा उजळला. "गेनाऊ!" म्हणाल्या, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि मला वाटलं माझं जर्मन सुधारलं.

शुक्रवारी सकाळी आठला दारात त्यांचे मेहुणे हजर. रेल्वेतून निवृत्त झालेले, तीन चाकांची एक फटफटती गाडी, मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं भांडं. शहराबाहेर एक मोठं तळं आहे, त्याला इथले लोक 'मेअर' म्हणतात, म्हणजे पुन्हा समुद्रच. या देशात समुद्राला तळ्याचं नाव आणि तळ्याला समुद्राचं, आणि वर परकीयाला हसायचं. त्या काठावर मेहुण्यांची खोपी होती आणि ती त्यांना विकायची होती. "आलेस गेरेगेल्ट," बाई म्हणाल्या. सगळं ठरलंय. दोनची गाडी आहे, हे मी म्हणालो. "जा, जा, अकराला परत!" मेहुण्यांनी त्यासाठी कोट घातला होता. अण्णा, कोट घातलेल्या माणसाला नाही म्हणायला तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत.

खोपी खरंच फिकट निळी होती. लढाईनंतर दोन उन्हाळे ती एका इंग्रज कॅप्टननं ताब्यात घेतली होती, त्यानंच तो रंग दिला, आणि मेहुणे तेव्हापासून तो खरवडत होते. "जातच नाही," ते म्हणाले. "इंग्रज गेला, रंग राहिला." मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मग मी आयुष्यातली मोठी चूक केली. नुसतं बघून निघायचं, तर मी खिशातून तुमची यादी काढली. ब्रिटिश खोपी, पाण्याकाठी, विकाऊ. विचारून घेऊ, असा विचार केला. पण मी प्रश्न विचारत होतो एका निवृत्त जर्मन रेल्वेवाल्याला. त्यांनी घडीची पट्टी काढली. दार मोजलं, पायऱ्या मोजल्या, दाराची दिशा ठरवायला गाडीतून होकायंत्र आणलं. लाटांचा प्रश्न मी शब्दकोशातून भाषांतर करून विचारला: "पाणी गर्जतं, पुटपुटतं की चाटतं?" त्यांनी पट्टी मिटून खिशात ठेवली. "आल्झो," म्हणाले, "ते पाणी आहे. कुत्रा नाही." आणि मग आला वाऱ्याचा प्रश्न. दाराखालून शीळ वाजते का? "प्रत्यक्ष ऐका," म्हणाले. वारा नव्हता. वारा येईपर्यंत थांबू, म्हणाले. आम्ही दोघं आत बसलो, दार लावून, बाकावर शेजारी शेजारी, मांडीवर सॅलड, आणि वाऱ्याची वाट बघत राहिलो. वारा आला तेव्हा सव्वाएक वाजला होता. शीळ घालत नाही. मी लिहून घेतलं. दोनची गाडी दोनलाच सुटली, हे त्यांनी मला घड्याळ काढून अभिमानानं सांगितलं.

मग त्यांनी धुरावलेला वाम मासा आणला, ब्राऊन कागदात गुंडाळलेला. तुम्हाला मी 'तिथला पाव' लिहिलं. पाव होता, पण खाली होता. संध्याकाळपर्यंत आम्ही पायरीवर बसलो. सूर्य पाण्यात बुडाला, सगळं तांबूस झालं, आणि मला खरोखरच वाटलं की हे शब्द आहेत, अण्णा, तुमचे शब्द इथे आहेत, फक्त देश आणि जलाशय चुकला आहे. खोपी घेत नाही म्हणालो तर मेहुणे रागावले नाहीत. "मला वाटलंच होतं," म्हणाले. "पण इतके चांगले प्रश्न कुणी विचारले नव्हते."

आता एक गोष्ट जी मी तेव्हा स्वतःलाही सांगितली नाही. शनिवारीही गाडी होती. उशीर झाला असता, पण दलालाला तार करता आली असती, रविवारी बघता आली असती. मी अंथरुणात पडून विचार केला, आणि पोट भरलेलं होतं. रविवारी बसून चार पानं लिहिली. अकराच्या अकरा प्रश्नांची उत्तरं दिली. सगळी खरी होती. लाटा लॅप करतात. दार पाण्याकडे उघडतं. संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडतो आणि पायऱ्यांवर तांबूस उजेड येतो. प्रत्येक आर्टिकल तीनदा तपासलं. चोरानं वहाणा पुसून घरात शिरावं तसं ते पत्र होतं. ते परत आलं नाही. तुमची पुढची पत्रं नेहमीसारखी, खोपीवर एक अक्षर नाही. मला वाटलं, आवडलं असणार, जपून ठेवलं असणार.

तुम्ही गेल्याचं कळून मी पुण्याला पोचलो तेव्हा तेरावाही झाला होता. भेटायला आले ते पोस्टमास्तर. आईसमोर डोळे पुसत म्हणाले, "काय वर्णन केलंस बाबा त्या कुटीचं!" ते कुटी म्हणाले, टपरी नाही. "गुरुजींनी मंडळात पाच वेळा वाचून दाखवलं. तो सूर्योदय! समुद्रातून वर येणारा सूर्य, पायऱ्यांवर तांबूस उजेड." मी म्हणालो, "सूर्यास्त." ते म्हणाले, "छे छे. सूर्योदय. मला पाठ आहे." आई उठली आणि तुमच्या कपाटातून एक पाकीट आणून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि चहाला गेली.

आत दोन पत्रं होती, आपापल्या पाकिटांसकट, एका टाचणीनं जोडलेली. वरचं इंग्लंडहून: शनिवारी आपल्या चिरंजीवांची भेट होऊ शकली नाही याचं आम्हाला वाईट वाटतं. दोन्हींवरचे पुण्याचे शिक्के बघितले. माझ्या पत्राच्या चार दिवस आधी ते तुमच्या हातात पडलं होतं. म्हणजे माझं पाकीट फोडण्याआधीच तुम्हाला माहीत होतं. खालचं माझं. चार पानं, आणि कुठेही लाल नाही, फक्त शेवटच्या पानावर 'सनसेट' खोडून वर तुमच्या ठसठशीत अक्षरात 'सनराइझ'. पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडत नाही हे तुम्हाला नकाशा न बघताही माहीत असणार. मी मात्र पट्टी ठेवूनही विसरलो होतो. म्हणजे मंडळात कुणी भूगोलवाला उठून विचारायच्या आत तुम्ही माझा सूर्य हळूच उलट्या बाजूला नेऊन ठेवलात, आणि मग पाच वेळा, मान वर करून, वाचलंत. आणि तळाशी शेरा: आर्टिकल्स सर्व अचूक. सूर्य चुकला. दहापैकी सात.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "साखर किती?"

ते तीन मार्क कशाचे कापलेत यावर मी गेली दहा वर्षं विचार करतो आहे. न गेल्याचे तीन, की सूर्याचा एक आणि बाकीचे दोन खोटं बोलण्याचे? तुमच्या कायद्यात खोट्याला शून्य असायचं. दुसऱ्या पोराला तुम्ही सात दिले नसतेत.

त्यानंतर कामासाठी दोनदा लंडनला गेलो. तिथून तो किनारा काही तासांवर. बायकोनं दोन्ही वेळा विचारलं, "अहो, बघून या ना एकदा." गेलो नाही. पायरीवर बसलो आणि समोर समुद्रातून खरोखरच सूर्य वर आला, तर त्या चार पानांतला एकच शब्द खरा ठरेल, आणि तो तुमच्या हातचा आहे. तसाच असू दे. हे पत्र मी त्या मासिकात, निळ्या खोपीच्या पानाशी ठेवून देतो आहे. पोरीला थोडं मराठी वाचता यायला लागलंय, तिच्या हाती लागलं तर ती चुका काढेल, बघू.

आणि एक राहिलं. घरी मी दहापैकी आठ सांगितले आहेत.